टेपच्या आत चार बोटं

मेहरूण, जळगाव
९ फेब्रुवारी

अक्का, जयभीम.

'सप्रेम' मुद्दाम लिहिलं नाही. ते वाचून तू पत्र तिथंच फाडलं असतंस. हे पत्र कामाचं आहे, भांडणाचं नाही आणि समेटाचंही नाही. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंयस, म्हणून टपाल. पाकीट मागितलं तर पोस्टातला माणूस माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच वाटलं आपलं काहीतरी चुकतंय.

काम असं आहे. आईचा मोतीबिंदू काढला हे तुला माहीत आहे, तुम्ही दोघी रोज बोलता. डोळा बरा झाला, पण बाहीच्या मुंढ्याचा गोल काढताना तिचा हात आता थांबतो. खडू टेकवते, उचलते, परत टेकवते. गिऱ्हाईक समोर असलं की 'उद्या ये' म्हणते. मला ते बघवत नाही. मग शोधाशोध केली. सेल्वेज नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात छाती, कंबर, उंची अशी मापं भरली की ब्लाउजचं, कुर्त्याचं पेपर कटिंग तयार होतं. साध्या प्रिंटरवर पानं काढायची, चिकटवायची, कापडावर ठेवून कापायचं. हे कुठल्या कंपनीचं नाही. जगभरच्या लोकांनी आपापल्या वेळात मिळून बनवलंय, कोणीही घ्या, कोणीही सुधारा. ते कसं वापरायचं हे सांगणारी पानंसुद्धा लोकच लिहितात. खूप भाषांत आहेत. मराठीत एक नाही.

तिथं नवख्यांसाठी सोपी कामं वेगळी काढून ठेवलेली असतात. त्यात एक होतं, 'मापं कशी घ्यावीत' हे पान आणखी भाषांत हवंय. डाळ मिलच्या ऑफिसात मी दिवसभर बिलं टाइप करते. म्हटलं, एवढं आपल्याला जमेल.

पान लिहून झालंय. छापून सोबत पाठवतेय, तळाशी साइटचा पत्ता आहे. ज्याला काम येतं अशा कोणीतरी ते वाचून, त्याप्रमाणे कापून बघायला पाहिजे. तू धुळ्याला गटातल्या बायकांना शिवण शिकवतेस. माझ्या ओळखीत दुसरं शिवणारं कोणी नाही. तेव्हा वाच, एक कुर्ता कापून बघ आणि चुकलं असेल तर कळव. पोस्टकार्ड चालेल. त्यावर एक शब्द असला तरी चालेल.

मृणाली


२६ फेब्रुवारी

अक्का,

तुझं पोस्टकार्ड आलं नाही. नको पाठवूस. तरी काय झालं ते सांगते, कारण इथं सांगायला कोणी नाही. ऑफिसात आमच्या हिशेबाच्या रुपचंदभाऊंना सांगून बघितलं. ते म्हणाले, "म्हणजे फुकट काम? मग कशाला करतीस?" आणि पुढचं बिल माझ्यासमोर सरकवलं.

पान पाठवायचं म्हणजे आपण आपली प्रत करायची, तीत बदल करायचा आणि मूळ पानवाल्यांना विनंती करायची की हे सामावून घ्या. विनंती म्हटल्यावर मी काय केलं असेल? अर्ज लिहिला! शाळेत बाईंनी घोटून घेतलेला. 'आदरणीय महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की', हे सगळं इंग्रजीत, आणि खाली 'आपली आज्ञाधारक'. पाठवून झाल्यावर बाकीच्यांच्या विनंत्या वाचल्या. कोणी लिहिलेलं 'पान जोडलं', कोणी 'चूक सुधारली'. बस्स. मला इतकी लाज वाटली की लॅपटॉप बंद करून तलावापर्यंत चालत गेले. परत येऊन उघडला. परत बंद केला.

मग कोणी फिरकेचना. चहा ठेवला की पान बघायचं, बिल टाइप केलं की पान बघायचं, भाकरी तव्यावर असताना पान बघायचं. एक भाकरी जळाली, आईने ती मलाच वाढली. शेवटी बेल्जियमच्या एका बाईंचं उत्तर आलं. एल्के त्यांचं नाव. मदतीची पानं तपासून सामावून घ्यायचं काम त्या बघतात. त्यांनी लिहिलं, 'मी महोदय नाही, आणि आज्ञाधारक तर इथं कोणीच कोणाचं नसतं. तुमचं स्वागत आहे.' पुढे एकच प्रश्न होता. हे पान वाचून कोणा शिवणाऱ्याने कापड कापून पाहिलंय का?

धुळ्याला गेलेल्या पानाचं काय झालं ते मला माहीत नव्हतं. म्हणून आईलाच वाचून दाखवलं. ती मशीनवर होती. मी वाचलं, "टेप अंगाभोवती धरा. ब्लाउजसाठी टेपच्या आत दोन बोटं ठेवा, कुर्त्यासाठी चार. मग आकडा वाचा."

"इतला दिन हाईच लिखी राहिंती का तू?" ती म्हणाली. "हाई तं माले बठ्ठं माहीत शे."

"पण बरोबर आहे का?"

"मी सांगस तसंच लिखेल शे ना? मंग बरोबर नही तं काय!"

मी एल्केंना कळवलं की एका अनुभवी शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पान तपासलंय. कापड कापून पाहिलं का, त्याबद्दल काही लिहिलं नाही. त्यांनीही परत विचारलं नाही.

मृणाली


१६ मार्च

अक्का,

पान लागलं! साइटवर भाषांच्या यादीत आता 'मराठी' आहे. त्यावर बोट ठेवलं की मी लिहिलेलं पान उघडतं आणि खाली लिहिणाऱ्यांत माझं नाव. आईने चष्मा लावून ते वाचलं, काचेवरून बोटही फिरवलं. मग पहिलाच प्रश्न तुझ्याबद्दल, "दीपाले दखाडं का?"

नाही म्हटलं. ती टीप मारत राहिली.

मला वाटलं होतं, एकदा ते लागलं की जिवाला स्वस्थता येईल. उलटंच झालंय. रोज उठून तेच पान वाचते. एखादा शब्द खटकतो, दुसऱ्या दिवशी तोच बरा वाटतो. ऑफिसात खुर्चीवर बसवत नाही आणि घरी आले की अंगणात येरझारा. आई म्हणते पायाला भिंगरी बांधलीय का.

आता खरं लिहिते. माझ्या ओळखीत दुसरं शिवणारं कोणी नाही, हे खोटं होतं. आमच्या गल्लीतच तिघं आहेत. मला तुलाच विचारायचं होतं. तू सुकदेवचं स्थळ घेऊन आलीस, तो तुझा दीर, माणूस वाईट नव्हे. मी नाही म्हटलं ते त्याला म्हटलं होतं, तुला नव्हे. तुझ्या सासरी सगळ्यांसमोर तुला खाली बघावं लागलं, सासूबाई अजून टोचून बोलतात, आई सांगते मला. त्याचं मला फार वाईट वाटतं. नकाराचं वाटत नाही, आणि तुझी समजूत पटावी म्हणून वाटून घेणारही नाही. आता सुकदेवचं शिरपूरकडे जमलंय म्हणे. मग अजून राग कशाचा राहिलाय ते एकदा सांग तरी.

ऊन आत्ताच टोचायला लागलंय. पुन्हा लिहिणार नाही.

मृणाली


४ एप्रिल

अक्का,

लिहिणार नाही म्हटलं होतं, पण तू लिहिलंस.

दुपारी ऑफिसात एल्केंचा निरोप आला. मराठी पानाविरुद्ध एक तक्रार आलीय, मशीनने भाषांतर करून पाहिलं तर मुली, पोतं आणि नाच एवढंच हाती लागतंय, ही तुमचीच भाषा आहे का, इंग्रजीत करून द्याल का? मी उघडलं. नाव 'धुळे शिवण गट'. पहिली ओळ अगदी सरकारी. 'आपल्या पानावरील सूचनेप्रमाणे जयंतीच्या लेझीम पथकातील मुलींचे पांढरे कुर्ते कापले असता सर्व कुर्ते सैल झाले आहेत.' दुसऱ्या ओळीपासून पारा चढला.

'कुडता नही, पोता शेतस. पोरी लेझीम वर करतस तं खांदा खाले येस. हाई पान लिखनारी बाईनी आख्खा जनममा एक तरी कापड फाडेल शे का? नुसती कॉम्प्युटरवर बोटे नाचाडस. आते मंजुळाबाईले मी काय तोंड दखाडू?'

बेल्जियमच्या मशीनची काय बिशाद! बाहेरच्यांशी तू कायम 'आपण' म्हणून बोलतेस. अहिराणीत तू फक्त घरच्यांवर ओरडतेस.

मग मी टेबलाशी बसून मला घातलेल्या शिव्या इंग्रजीत केल्या. एक शब्द गाळला नाही. 'बोटे नाचाडस'ला जरा वेळ लागला. रुपचंदभाऊ वाकून विचारत होते, काय झालं, हसतीस का रडतीस? ऑगस्टपासून तुझा शब्द नाही, आणि आला तो सगळ्या जगासमोर.

एल्केंचं उत्तर आलं, 'या बाईंचा राग बरोबर आहे. चूक कुठं आहे ते आपण शोधू.' तेव्हा माझं हसू गेलं. घरी आल्यावर आईने उरलेलं सांगितलं. तुमच्या गटाच्या मंजुळाबाईंना पेपर कटिंग पहिल्यापासून पसंत नव्हतं. कुर्ते जयंतीपर्यंत नीट झाले नाहीत तर शिकवायचं काम त्या दुसरीला देणार आहेत. ते काम तू सासरी केवढं भांडून मिळवलंस ते मी पाहिलंय. माझ्या एका पानापायी ते जाता कामा नये.

उरलेलं कापड कापू नकोस. मी शोधतेय.

मृणाली


६ एप्रिल, रविवार

अक्का,

सापडलं. हेच सगळं मी साइटवर तुझ्या तक्रारीखालीही लिहिलंय, म्हणजे पत्राची वाट बघावी लागायला नको. तरी इथं सविस्तर लिहिते.

तू विचारलंस ना, आख्ख्या जन्मात एक तरी कापड फाडलंय का? काल फाडलं. जुनी चादर घेतली. माझ्याच पानाप्रमाणे आईचं माप घेतलं, टेपच्या आत चार बोटं, आकडे भरले, पानं छापली, चिकटवली, कुर्ता कापला आणि कच्ची टीप मारली. आईने घातला तर तिचा खांदा बाहेर आणि गळा कुठल्या कुठे. आरशात बघून ती म्हणाली, "यामा मी आनि तू दोन्ही माईसूत."

मग इंग्रजी पान परत वाचलं. तिथं लिहिलंय, टेप अंगाला लागून धरा. आपल्या घरात अंगाला लागून म्हणजे बोटं आत घालून, दुसरं मला माहीतच नव्हतं. आईचं सगळं लूजिंग, म्हणजे मापावर धरायची ढिलाई, त्या बोटांतच असतं, वर ती काही मिळवत नाही. सेल्वेज मात्र उघड्या अंगाचं माप धरून स्वतः लूजिंग मिळवतं. म्हणजे दोनदा मिळालं. मी आईच्या पद्धतीने लिहिलं, तपासायला आईलाच दिलं, आणि तूही आईच्याच हाताखाली शिकलेली. चूक दिसणार कोणाला? तू आधी एक कुर्ता करून बघितला होतास हेही आईकडून कळलं. त्या पोरीची आई खूश झाली म्हणे, वाढतं अंग आहे, पुढच्या जयंतीलाही होईल. आपल्याकडे पोरींचं कापड ढिलं निघालं तर तक्रार कोण करतं?

तयार कुर्त्यांचं असं कर. बाजूच्या शिवणी आणि खांदे उसव, पोरीच्या अंगावर टाचण्या लावून आत घे. घट्ट झाले असते तर नवं कापड लागलं असतं, तेवढं नशीब. तू म्हणालीस तर मी उसवायला येते. न बोलावता येणार नाही.

पान कसं सुधारायचं यावर मात्र आमचं घरात वाजलंय. बोटं ठेवू नका असं लिहिते म्हटलं तर आई मशीनवरून उठलीच. "बोटे नही ठेवो तं ती बाई श्वास कथाईन लेवो?" एल्के विचारतात की ही पद्धत फक्त तुमच्या घरची आहे की तिकडे सगळेच असं करतात. मला माहीत नाही. तुला माहीत आहे.

मृणाली


१० एप्रिल

अक्का,

साइटवर मी लिहिलं, 'आपल्या गटात माप घेताना टेपच्या आत बोटे ठेवतात का, कृपया कळवावे.' तुझं उत्तर संध्याकाळी. 'होय. सर्व जणी ठेवतात. बोटे काढा असे लिहिल्यास कोणीही ऐकणार नाही. लूजिंग शून्य करावयास सांगावे.' मी लिहिलं, 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहे.' तू लिहिलंस, 'आभाराची आवश्यकता नाही.' एकाच ताटात जेवलेल्या आपण दोघी!

पण तुझं बरोबर आहे. मी बायकांचे हात बदलायला निघाले होते, बदलायचा होता तो सॉफ्टवेअरमधला एक आकडा. नव्या पानात तसंच लिहिलंय: बोटं ठेवून माप घेत असाल तर लूजिंगच्या जागी शून्य भरा. या वेळी अर्ज केला नाही. एक ओळ लिहिली, 'माप घेण्याची चूक सुधारली, धुळ्याच्या शिवणाऱ्या बाईंनी दाखवून दिली.' तुझं नाव तुला न विचारता घातलं नाही. मुंढ्याचं पानही करायला घेतलंय, कच्चं आहे, साइटवर ठेवलंय.

उसवणं झालं का? आई विचारते तेव्हा तू 'चालू शे' म्हणून फोन ठेवतेस. आज परत भाकरी जळाली.

मृणाली


१८ एप्रिल, शुक्रवार

अक्का,

जयंतीचा व्हिडिओ आईच्या फोनवर आला. तिने मला दाखवला नाही, पण फोन मशीनवर उघडा ठेवून पाणी भरायला गेली, आणि पाणी आमच्याकडे त्या वेळी येत नाही. मी बघितला. पोरींचे हात वर जात होते आणि एकीचाही खांदा सरकत नव्हता. मी परत परत लावला. शेवटी आई दारातून म्हणाली, मंजुळाबाईंनी काही कौतुक केलं नाही, पण पुढची बॅचही दीपालाच दिली. मी तिथंच खाली बसले. इतके दिवस एका जागी बसवत नव्हतं ते असं बसले की चहा झाला तरी उठले नाही.

आज सकाळी साइटवर तुझं लिहिलेलं वाचलं. 'सुधारित पान वाचले. आता बरोबर आहे. मुंढ्याचे पान मात्र चुकीचे आहे. लिहिणारीस ते कागदावर कळणार नाही, समोर कापड घेऊन बसावे लागेल.' आणि त्याच्याखाली जागा सोडून, 'रविवारले ये. सुकदेव घर नही, शिरपूरले जाई राहिना. आईले बी लई ये.'

आईला वाचून दाखवलं. तिने तेव्हाच पिशवी काढली, अजून दोन दिवस आहेत म्हटलं तरी ऐकेना. कात्री घेऊ का म्हणते, दीपाकडच्या कात्रीला धार नसते. हे पत्र टपालात टाकून उपयोग नाही, त्याच्याआधी आम्हीच पोचू. बरोबरच आणते.

एल्केंनी दुपारी विचारलं, पहिली वाक्यं मशीनने नीट सांगितली, शेवटच्या ओळीत काही दुरुस्ती राहिलीय का? आजवर तुझा एकेक शब्द मी त्यांना इंग्रजीत करून दिलाय, शिव्यासुद्धा. ही ओळ दिली नाही. लिहिलं, ती पानाबद्दल नाही.

मृणाली